कायदा बदलतो तेव्हा मूल कुठे असते?

२०२४ च्या फेब्रुवारीअखेर हैतीच्या राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये, सशस्त्र टोळ्यांनी एकजूट करून पोलीस ठाणी, तुरुंग आणि विमानतळावर हल्ले चढवले. विमानतळ मार्चच्या सुरुवातीपासून २० मेपर्यंत बंद राहिला. परदेशात असलेल्या पंतप्रधान आरिएल ऑन्री यांना मायदेशी परतता आले नाही, एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. एवढे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही छापून आले. छापून आली नाही ती त्याच शहरातल्या अनाथालयांमधल्या मुलांची गोष्ट. त्यांतल्या काहींच्या दत्तकविधानाचा न्यायालयीन निकाल केव्हाच लागला होता. कागदोपत्री त्यांना आईवडील होते, नवे आडनाव होते, दुसऱ्या देशात त्यांच्यासाठी खोली तयार होती. नव्हता तो फक्त पासपोर्ट, कारण त्या कार्यालयापर्यंत जाणाऱ्या रस्त्यांवर टोळ्यांचा ताबा होता.

अशा बातम्या वाचल्या की मन पटकन एका बाजूला झुकते: नियम गुंडाळून ठेवा आणि मुलांना आधी बाहेर काढा. मुले वाचवायची असतील तर आणखी काय करणार? पण आंतरदेशीय दत्तकाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर नेमक्या याच घाईने किती मुलांना त्यांच्या जिवंत आईबापांपासून तोडले हेही दिसते. माझे मत सुरुवातीलाच सांगते. देश कोसळत असताना नवे दत्तक थांबवले पाहिजे, आणि ज्या मुलांचा निकाल लागून गेला आहे त्यांना एक दिवसही अडवून ठेवता कामा नये. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. तरी बहुतेक सरकारांनी नेमके उलटे केले: संकटाच्या भरात दार सताड उघडले, आणि बोभाटा झाल्यावर आत-बाहेर असलेल्या सगळ्यांवर ते एकदम लावून घेतले.

हैतीतच याचा पहिला धडा मिळाला होता. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाने राजधानी जमीनदोस्त झाली. सहाच दिवसांनी अमेरिकेने जाहीर केले की, ज्यांची दत्तक प्रक्रिया आधीच सुरू आहे अशा मुलांना पासपोर्ट-व्हिसाच्या नेहमीच्या वाटेने न नेता मानवतेच्या आधारावर देशात येऊ दिले जाईल. अकराशेहून अधिक मुले या सवलतीत गेली. त्यांना घेणारी बहुतेक कुटुंबे खरोखर वाट पाहणारी होती, हे मान्य करायलाच हवे. पण पेनसिल्व्हेनियाचे तेव्हाचे गव्हर्नर एड रेंडेल जे विमान घेऊन गेले आणि ५४ मुले घेऊन पिट्सबर्गला परतले, त्यांतल्या १२ मुलांसाठी दत्तक कुटुंब ठरलेलेच नव्हते. मुले परदेशात पोहोचली आणि त्यांचे पुढे काय करायचे हे कोणालाच माहीत नव्हते.

त्याच महिन्याच्या शेवटी दहा अमेरिकी धर्मसेवक ३३ मुलांना बसमध्ये घालून डोमिनिकन प्रजासत्ताकाची सीमा ओलांडताना पकडले गेले. मुले अनाथ असल्याचे ते सांगत होते. प्रत्यक्षात बहुतेकांचे आईवडील जिवंत होते. राजधानीच्या वरच्या डोंगरातल्या कालबास नावाच्या गावातल्या पालकांना एक पत्रक दाखवले गेले होते. त्यात पोहण्याचा तलाव होता, फुटबॉलचे मैदान होते, शिक्षणाचे वचन होते. घर पडलेले, खायला काही नाही, आणि समोर कोणी म्हणते आहे की तुमचे पोर शिकेल. त्या आईबापांनी स्वतःच्या हाताने मुले बसमध्ये बसवली. मुलांना सांभाळायला घेतलेल्या संस्थेच्या माणसाने नंतर सांगितले की, एक छोटी मुलगी रडत रडत म्हणत होती, मी अनाथ नाही, मला आईबाबा आहेत. पुढे बहुतेक मुले आपापल्या घरी परतली.

या पालकांना लोभी ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. हैतीत घरची गरिबी सोसेनाशी झाली की मूल कोणाकडे तरी ठेवण्याची रीत जुनी आहे. गावाकडचे मूल शहरातल्या बऱ्या घरी राबायला जाते आणि त्याबदल्यात शाळेची आशा धरते. अनाथालय हे त्या रीतीचेच दुसरे रूप झाले. तिथल्या अनाथालयांत सुमारे ३०,००० मुले असल्याचा अंदाज आहे आणि त्यांतल्या सुमारे ८० टक्के मुलांची आई किंवा बाप, किमान एक तरी, जिवंत आहे. आई मूल ठेवते ते थोडे दिवस निभावून न्यायला. कायमचे नाते तोडण्याच्या कागदावर आपण अंगठा उमटवतो आहोत हे तिला कोणी सांगत नाही. दत्तकाच्या परदेशी बाजारात मूल कुठून येते, याचे खरे उत्तर या दोन वाक्यांमधल्या फटीत आहे.

ही फट बुजवण्यासाठी २९ मे १९९३ चा आंतरदेशीय दत्तकाविषयीचा हेग करार झाला. त्याचा गाभा साधा आहे. आधी मुलाला स्वतःच्या घरात ठेवण्याचा प्रयत्न करा, ते न जमल्यास नात्यात किंवा स्वदेशात घर शोधा, आणि त्यानंतरच परदेशाचा विचार करा. आईची संमती समजून-उमजून घेतलेली असावी, पैशाच्या आमिषाने नव्हे. मूल कोणाला द्यायचे हे सरकारी यंत्रणेने ठरवावे, खासगी मध्यस्थाने नव्हे. कराराच्या कामाशी संबंधित संस्था आणि निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची यंत्रणा यांनी पुढे हेही स्पष्ट केले की, युद्ध किंवा नैसर्गिक आपत्तीच्या धामधुमीत नवे दत्तक सुरूच करू नये. ताटातूट झालेल्या मुलाचे नातेवाईक शोधायला साधारण दोन वर्षे तरी द्यावीत. दोन वर्षे ऐकायला फार वाटतात. पण भूकंपात किंवा लढाईत हरवलेली माणसे छावण्यांतून, दुसऱ्या गावांतून, शेजारच्या देशांतून हळूहळूच सापडतात.

हैतीने २०१३ मध्ये नवा दत्तक कायदा केला आणि १ एप्रिल २०१४ पासून तिथे हेग करार लागू झाला. मूल आणि कुटुंब यांची जोडी लावण्याचा अधिकार समाजकल्याण खात्याच्या संस्थेकडे गेला. दत्तक घेणाऱ्यांनी सुमारे दोन आठवडे हैतीत मुलाबरोबर राहायचे आणि अधिकाऱ्यांनी ते नाते पाहायचे, असे ठरले. हे सगळे योग्यच होते. अडचण अशी की, कागदावर चांगला असलेला कायदा चालवायला राज्य उभे असावे लागते. ७ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोइज यांची त्यांच्याच घरात हत्या झाली, पुढच्याच महिन्यात दक्षिणेत पुन्हा ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि २०२५ च्या सुरुवातीला देशात विस्थापितांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. न्यायालय बंद, नोंदणी कार्यालय बंद, दोन आठवडे राहायला येणाऱ्या परदेशी जोडप्याला अपहरणाचा धोका. मुलाची फाइल ज्या टप्प्यावर होती त्याच टप्प्यावर गोठली.

त्यात दुसऱ्या टोकाचे नियमही बदलत राहिले. अमेरिकेने जून २०२५ मध्ये हैतीसह बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली तेव्हा दत्तक मुलांच्या व्हिसाला सूट दिली होती. डिसेंबर २०२५ च्या नव्या आदेशात ती सरसकट सूट काढून टाकली गेली. म्हणजे मुलाच्या देशात गोळीबार आणि होणाऱ्या आईवडिलांच्या देशात बंद दार. ज्या पोराचे वय चार आहे त्याला यातले काय समजवणार?

हैती एकटे नाही. रुमानियात निकोलाय चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली, संततिनियमनाची साधने मिळेनाशी केली. १९८९ च्या डिसेंबरात त्याची राजवट कोसळली तेव्हा तिथल्या सरकारी बालगृहांत एक लाखाहून अधिक मुले होती. पाश्चात्त्य टीव्हीवर लोखंडी पाळण्यांतल्या मुलांची दृश्ये दिसली आणि लोक विमानाने धावले. जानेवारी १९९० ते जुलै १९९१ या दीड वर्षात सुमारे १०,००० मुले देशाबाहेर गेली. पण बालगृहातली आजारी, अपंग, मोठी मुले तिथेच राहिली, आणि निरोगी तान्ह्या बाळांचा शोध थेट गरीब वस्त्यांमधल्या घरांच्या दारापर्यंत पोहोचला. सरकारने ही वाट रोखली, पुन्हा उघडली, २००१ मध्ये स्थगिती दिली, आणि युरोपीय संघात प्रवेशाची तयारी चालू असताना २००५ पासून परदेशी दत्तक जवळपास बंदच केले. त्या बंदीत हजारभर अर्धवट प्रकरणेही अडकली.

रुमानियातून एक गोष्ट मात्र साऱ्या जगाला कळली. बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात बालगृहातल्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकून, सांभाळणाऱ्या कुटुंबांकडे ठेवले गेले. घरात गेलेल्या मुलांची बुद्धी, जिव्हाळा, भाषा यांत स्पष्ट सुधारणा झाली, आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांत ती सर्वांत जास्त होती. तेव्हा नियम कडक करा म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये की, बालगृहात गेलेला काळ मुलाच्या मेंदूत मोजला जातो. आणि दार उघडा म्हणणाऱ्यांनी हे पाहावे की, ही मुले परदेशी गेली नव्हती. त्यांना त्यांच्याच देशात, त्यांच्याच भाषेत घर मिळाले होते.

ग्वाटेमालाची कथा अधिक काळी आहे. १९६० पासून चाललेले यादवी युद्ध १९९६ मध्ये संपले. मोडकळीस आलेल्या राज्यात दत्तकाचे काम वकिलांच्या हाती गेले होते. न्यायाधीशाची गरज नव्हती, नोटरी पुरेसा होता. एकेका मुलामागे परदेशी कुटुंबाकडून २५-३० हजार डॉलर घेतले जात. गावोगाव फिरून गरोदर बायका हेरणाऱ्या दलाल बायका होत्या. २००७ मध्ये एकट्या अमेरिकेत ४,७०० हून अधिक मुले गेली. एक कोटी तीस लाख वस्तीच्या त्या देशात जन्मणाऱ्या साधारण शंभरातले एक मूल अमेरिकेत जात होते. जगात इतर कुठे एवढे प्रमाण नव्हते. त्या वर्षाच्या शेवटी नवा कायदा झाला आणि २००८ पासून नवी प्रकरणे बंद पडली.

तिथल्या एका आईचे प्रकरण मला फार अस्वस्थ करते. तिची दोन वर्षांची मुलगी २००६ च्या नोव्हेंबरात घराजवळून पळवली गेली. आईने शोध सोडला नाही. इतर आयांबरोबर ती दत्तकाच्या फाइली पाहायला बसली आणि एका फाइलमधल्या फोटोत तिने आपली मुलगी ओळखली. तोवर मूल अमेरिकेतल्या एका कुटुंबात रुळले होते. २०११ मध्ये ग्वाटेमालाच्या न्यायालयाने मूल परत द्यायचा आदेश दिला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने कळवले की, मुलीला नेले तेव्हा अपहृत मुलांबाबतचा करार दोन देशांत लागू नव्हता. मूल परत आले नाही. ज्या कुटुंबाने तिला प्रेमाने वाढवले त्यांचाही यात घात झाला, हे म्हणताना मी कोणाचीही बाजू कमी करत नाही. पण न्यायालयाचा कागद हातात घेऊन बसलेली ती आई कुठल्याच सरकारच्या हिशेबात बसली नाही.

नेपाळ आपल्या शेजारचा, म्हणून त्याच्याकडे जरा थांबून पाहायला हवे. माओवादी संघर्ष १९९६ ते २००६ असा दहा वर्षे चालला. हुम्लासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतून दलाल मुले काठमांडूला आणत. घरी सांगत की मुलाला बोर्डिंग शाळेत घालतो, बंदुकीपासून वाचेल. राजधानीत ते मूल अनाथ म्हणून नोंदवले जाई. बेवारस सापडल्याचा पोलिसांचा दाखला तयार व्हायचा, त्यात तारीख आणि ठिकाण असायचे, आणि पडताळायला गेल्यावर तिथे काही सापडायचे नाही. २००७ मध्ये दत्तक थांबले, नव्या अटींसह पुन्हा सुरू झाले. हेग कराराचे काम पाहणाऱ्या परिषदेच्या पथकाने २००९ च्या नोव्हेंबरात पाहणी करून खोट्या कागदपत्रांवर बोट ठेवले, आणि ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेने बेवारस म्हणून दाखवलेल्या मुलांची नवी प्रकरणे थांबवली. इतर अनेक देशांनी त्याआधीच हात आखडता घेतला होता. ज्या जोडप्यांना मुले सोपवली गेली होती ती काठमांडूत भाड्याच्या खोल्यांत, मुलाला मांडीवर घेऊन, व्हिसाची वाट पाहत अडकली. चूक मूळ दाखल्याची होती, शिक्षा मात्र मूल मांडीवर असलेल्यांना झाली.

काँगोने २५ सप्टेंबर २०१३ रोजी त्याहून विचित्र निर्णय घेतला. दत्तकाचे निकाल होत राहिले, पण मुलाला देश सोडण्याचा परवाना देणे थांबवले. हजाराच्या आसपास मुले कायद्याने परक्या कुटुंबांची झाली होती आणि शरीराने किन्शासात होती. नवे आईबाप दर महिन्याला सांभाळाचे पैसे पाठवत, फोनवर मुलाशी बोलत. काही मुले वाट पाहता पाहता आजारपणाने दगावली. परवाने २०१६ मध्ये मोकळे झाले. इथे नियम बदलण्याला कारण होते, गैरप्रकार खरे होते. पण जुन्या निकालांची एकेक करून छाननी करायला तीन वर्षे लागत नाहीत. ते काम कोणीच अंगावर घेतले नाही, एवढेच.

इथिओपियाने २०१८ च्या जानेवारीत परदेशी दत्तक पूर्ण बंद केले. २०१० मध्ये तिथून एकट्या अमेरिकेत अडीच हजार मुले गेली होती. चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये नातेवाईकांखेरीज सर्वांना दार बंद केले. रशियाने २०१३ पासून अमेरिकी पालकांवर बंदी घातली ती तर उघडउघड राजकीय सूड म्हणून. जगभरात २००४ च्या सुमारास वर्षाला ४५,००० मुले सीमा ओलांडून दत्तक जात होती. आता तो आकडा काही हजारांवर आला आहे.

या उतरणीमागे मोठा वाटा आहे तो मोठ्या झालेल्या मुलांचा. कोरियातून १९५० च्या दशकापासून सुमारे दोन लाख मुले परदेशी गेली. त्यांतली अनेक आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि आपल्या फाइली मागत आहेत. त्यांच्या ३६७ तक्रारींवर तिथल्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये पहिला निष्कर्ष दिला: जिवंत आईबाप असलेल्या मुलांना अनाथ दाखवले गेले, एका मुलाच्या ओळखीवर दुसरे मूल पाठवले गेले, आणि सरकारने डोळेझाक केली. नेदरलँड्समध्ये युस्ट्रा समितीने बांगलादेश, श्रीलंका, इंडोनेशिया, ब्राझील आणि कोलंबिया या पाच देशांतून झालेली जुनी दत्तक प्रकरणे तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल येताच डच सरकारने आंतरदेशीय दत्तक स्थगित केले आणि २०२४ मध्ये ते टप्प्याटप्प्याने संपवायचे ठरवले. दत्तक गेलेल्या या माणसांची मागणी साधी आहे. मला कुठून आणले, आईने खरेच सोडले होते का, हे सांगा. अनेकांना उत्तर मिळत नाही, कारण त्या घाईत कागद खोटे तरी बनले किंवा बनलेच नाहीत.

यात आपण फक्त प्रेक्षक नाही. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईच्या संस्थांमधून मुले स्वीडन, जर्मनी, नेदरलँड्सला गेली आहेत, आणि आज त्यांतली कितीतरी आपली जन्मदात्री शोधत इथे येतात. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले, ते याच गैरप्रकारांच्या तक्रारींमुळे. भारताने हेग करार २००३ मध्ये स्वीकारला आणि आज ‘कारा’ या केंद्रीय यंत्रणेशिवाय मूल देशाबाहेर जाऊ शकत नाही. अनिवासी भारतीयांना रांगेत इथल्या जोडप्यांच्या बरोबरीने धरले जाते, त्यामुळे अमेरिकेतली, आखातातली मराठी जोडपीही तीन-तीन वर्षे त्याच यादीत थांबलेली असतात.

स्थिर देशातही नियम बदलले की फाइली कशा अडखळतात ते आपण अलीकडेच पाहिले. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्याने द्यावा असे ठरले. निकालाच्या उंबरठ्यावरच्या प्रकरणांचे काय, याचा विचार आधी झालाच नव्हता. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, प्रलंबित प्रकरणे न्यायालयांनीच चालवावीत. मूल घरात आले आहे, ‘आई’ म्हणायला लागले आहे, आणि शाळेच्या दाखल्यावर कोणाचे नाव लावायचे हे ठरत नाही. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या मानाने ही अडचण किरकोळ. पण चूक त्याच जातीची: कायदा बदलणाऱ्याने अर्ध्या वाटेवरच्या मुलाचा विचार केला नाही.

म्हणून नियम बदलणाऱ्या प्रत्येक सरकारकडून तीन गोष्टींची अपेक्षा धरणे मुळीच अवाजवी नाही. बंदीची तारीख ठरवताना त्या दिवशी कोणते मूल कुठल्या टप्प्यावर आहे याची यादी आधी करावी. निकाल लागलेल्या मुलांची छाननी ठरावीक मुदतीत संपवावी, आणि कागद खरे निघाल्यास पासपोर्टअभावी त्यांना अडवू नये. आणि परदेशी कुटुंब एका मुलासाठी जेवढा पैसा मोजायला तयार असते त्याचा छोटासा भागही त्या मुलाच्या आईपर्यंत आधी पोहोचला, तर यादीतली कितीतरी नावे आपोआप गळून पडतील. कालबासच्या बसमधल्या मुलांना हवे होते ते घराचे छप्पर आणि शाळेची फी.

आपल्या हातात याहून लहान पण अगदी ठोस काम आहे. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरत होते: आईवडील कोरोनाने गेले, दोन मुली आहेत, कोणाला दत्तक हव्या असतील तर या नंबरवर फोन करा. चांगल्या मनाच्या माणसांनीच ते पुढे पाठवले. अशा रीतीने मूल देणे-घेणे हा आपल्या कायद्याने गुन्हा आहे. पुढचा पूर येईल, पुढची साथ येईल, तेव्हा असा निरोप आला तर तो पुढे ढकलू नका. १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवा, आणि त्या मुलांचे काका, मावशी, आजी कोण आहेत याची चौकशी आधी होईल असा आग्रह धरा.